पाण्याचा वास घेणारा ड्रायव्हर

चिपळूणहून खानदेशात हौसेनं कोणी जात नाही. बदली झाली तर जातात, आणि तेही रडत. माझे वडील, आमचे अण्णा, तसेच गेले होते. सरकारी कचेरीत कारकून होते. धुळ्याच्या बाजूला एका तालुक्याच्या गावी तीन वर्षं काढली आणि परत येताना बरोबर एक गोष्ट घेऊन आले. ती गोष्ट मात्र घरात आईच सांगायची, आणि अण्णा ती ऐकताना वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचे.

मी तेव्हा चार वर्षांची. श्रावणातला सोमवार होता आणि आम्ही तिघं पॅसेंजरनं जळगावला निघालो होतो. आठवडाभर पाऊस लागून राहिलेला. एका बारक्या स्टेशनावर गाडी थांबली तेव्हा अण्णा खाली उतरले, आणि गाडी सुटली तेव्हा ते फलाटावरच राहिले. पुढे दोन-तीन मैलांवर भर शेतात ड्रायव्हरनं गाडी उभी केली. तिथं ना स्टेशन, ना सिग्नल. लोक डोकी बाहेर काढून बघतात तो वळणापलीकडून लाइनवरचा गँगमन लाल झेंडी हलवत धावत येतोय. नाल्यावरचा पूल वाहून गेला होता. ड्रायव्हरला म्हणे पाण्याचा वास आला. अख्खी गाडी वाचली, आई वाचली, मी वाचले.

त्या ड्रायव्हरचं नाव सुपडू. नवसाचं पोर सुपात घालून घेतलं की खानदेशात असं नाव ठेवतात. आई दर श्रावणात त्या सोमवारी देवापाशी एक निरांजन जास्त लावायची, सुपडू ड्रायव्हरच्या नावाचं. लावताना अण्णा जवळपास असले तर म्हणायची, "माणूस असावा तर असा. नाहीतर आमचे हे. पाऊस बघून भ्याले आणि उतरले."

अण्णांचं म्हणणं एवढंच असायचं, "स्टेशनमास्तर म्हणाला होता, पुढे पाणी आहे, थांबा." पण चौकशीत मास्तरनं असं काही म्हटल्याचं निघालं नव्हतं. तेव्हा अण्णा आमच्या घरात भित्रे तर ठरलेच, वर खोटारडेही ठरले. पुढे पुढे त्यांनी ते वाक्य म्हणायचं सोडलं. सहा वर्षांपूर्वी ते गेले.

वाफेची इंजिनं मोडीत निघू लागल्याची बातमी आईनं वाचली आणि तिनं मनात घेतलं, की सुपडू ड्रायव्हर जिवंत असेल तर त्याला आहेर पोचवायचा. इंजिनं चालली, माणूसही जायचा. भुसावळच्या रेल्वे कॉलनीच्या पत्त्यावर तिनं पत्र टाकलं आणि काय आश्चर्य, महिन्याभरानं उत्तर आलं. सुपडू ड्रायव्हर, ज्यांना तिकडे सगळे नाना म्हणतात, ते जिवंत होते, आपल्या गावी होते. दिवाळीच्या सुट्टीत मी निघाले. धोतरजोडी, शाल आणि बारा नारळ. नारळ नको म्हणून मी पुष्कळ सांगितलं. "कोकणातून रिकाम्या हातानं जातात का?" आई म्हणाली आणि गोणपाटाची पिशवी स्वतः शिवली. नानांच्या पाया पडायचं, आणि ते आईच्या वतीनं पडतेय असं सांगायचं, हेही बजावलं.

माझं कारण निराळं होतं. मला त्या माणसाला एकच विचारायचं होतं. त्या दिवशी मास्तर काही म्हणाला होता का? माझे वडील खोटं बोलले का? आईला मी हे सांगितलं नाही.

भुसावळ

गाडीतून उतरल्यावर आधी नाकात कोळसा गेला. इंजिनं कमी झाली तरी वास काही गेलेला नाही. रेल्वे कॉलनीतल्या रस्त्यांना झाडं आहेत, क्वार्टरांना नंबर आहेत आणि माणसंही एकमेकांना नंबरावरून ओळखतात. मी मास्तरीण असल्यानं मला ही शिस्त आवडली. आमच्याकडे पत्ता विचारला तर चिंचेचं झाड, मग वहाळ, मग तिसरा उंबरा असं सांगतात.

नानांच्या गावाचा रस्ता विचारायला मी एका चहाच्या टपरीवर थांबले. सुपडू ड्रायव्हर म्हटल्याबरोबर बाकावरची तीन माणसं सरकून बसली. त्यातले एक रिटायर झालेले फिटर होते.

"नानाले रूळ बोलत व्हते, बाई," ते म्हणाले. "चाकाचा आवाज जरा बदलला का हात ब्रेकवर. त्या दिवशी पूल पाच हात राहिला व्हता. आमी गेलतो ना पाहाले."

दुसऱ्यानं पाच हातांचे तीन केले. तिसरा म्हणाला की इंजिनाचं पुढचं चाक पुलावर लोंबत होतं. मी गाडीत होते असं मी सांगितलं, तेव्हा तिघांनीही माझ्याकडे जरा नाराजीनं पाहिलं. गोष्टीत प्रत्यक्ष बसलेलं माणूस पुढे आलं की सांगणाऱ्याची पंचाईत होते. तरी चहाचे पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत. नानांनी वाचवलेलं माणूस म्हणजे कॉलनीचा पाहुणा, असं फिटर म्हणाले. मला एकदम भरून आलं. वाटलं, आई बरोबर असेल. एवढी माणसं उगाच कशाला मान देतील?

जळगाव

जळगावात माझ्या शाळेतल्या बाईंची मावसबहीण असते, सुमनताई. त्यांच्याकडे दोन रात्री होते. त्यांचं घर शहरात, पण शेत जवळच. आणि थंडीची चाहूल लागली की या लोकांना घरात जेवण गोड लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही भरतासाठी शेतावर गेलो.

भरीत आम्हीही करतो. एक वांगं, गॅसवर, वर खोबरं. हे मी सुमनताईंना सांगितलं आणि त्या इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. इथं वांगी पांढुरकी हिरवी आणि हातभर. तेल लावायची, टोचायची आणि कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळात टाकायची. साल काढून लाकडी बडगीत ठेचायची, त्यात मिरच्या, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात. केळीच्या पानावर भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. पहिल्या घासाला मी वा म्हटलं. दुसऱ्याला डोळ्यांतून पाणी आलं. तिसऱ्याला बोलता येईना, तेव्हा एका बाईंनी मला ताकाचा तांब्या दिला आणि म्हणाल्या, "कोकणात मिरच्या नसतात का हो?"

मी कशासाठी आलेय हे कळल्यावर सुमनताईंनी त्यांच्याकडची गोष्ट सांगितली. तीत पाण्याचा वास नव्हता आणि रूळही बोलत नव्हते. "कानबाईनं गाडी थांबवली," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. तो कानबाईच्या विसर्जनाचा दिवस होता ना."

कानबाई म्हणजे खानदेशची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर बसते आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. तिचा प्रसाद म्हणजे रोट. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं मुठी मोजून गहू घेतात, दळतात, त्याचे रोट करतात, आणि ज्याच्या नावाचा त्यानं आपला वाटा खायचाच. बाहेरच्याला देत नाहीत आणि उरवतही नाहीत. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेला मुलगाही त्यासाठी घर गाठतो.

"आमच्या गणपतीसारखंच," मी म्हटलं.

"गणपतीचा मोदक तुम्ही शेजाऱ्याला देता. रोट नाही देत कोणी," सुमनताई म्हणाल्या. मला ते जरा कंजूषपणाचं वाटलं. तसं मी म्हटलं नाही, कारण चौथी भाकरी त्यांनी तेव्हाच माझ्या पानात टाकली होती.

नानांचं गाव

गावाचं नाव लिहीत नाही. तिथं अजून नानांच्या नावानं माणसं आदरानं मान लववतात, आणि मला त्यांच्या घरावर दगड मारायचा नाही.

एस.टी.नं गेले. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, बाया वेचणीला वाकलेल्या. आमच्या डोंगराळ मुलखातून गेल्यावर इथली सपाटी अंगावर येते. नजरेला अडायला काही नाही. एका खड्ड्यात गाडी आदळली, आईची शिवण उसवली आणि नारळ सुटले. गडगडत ड्रायव्हरच्या सीटपर्यंत गेले. सगळी गाडी वाकून नारळ शोधू लागली. मागून पुढून हातोहात अकरा परत आले. बारावा सापडला नाही. मी म्हटलं, असू दे, ज्याला मिळाला त्याला लखलाभ.

नानांचं घर रुळापासून हाकेच्या अंतरावर आहे. दार नानांच्या बायकोनं उघडलं. सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं. सत्तरीला टेकलेल्या, काटक, कपाळावर मोठं कुंकू.

"बठ माय, बठ. इतली लांबथून उनी," त्या म्हणाल्या आणि पाण्याचा तांब्या ठेवला.

आतून आवाज आला, "कोण शे?"

"कोकणमाईन बाई उनी शे. तुमले भेटाले."

"थांबाड तिले. दाढी करी राह्यनू."

अर्धा तास थांबवलं. मग नाना आले. उंच, पांढरा सदरा, धोतर, मोठ्या मिश्या, एका डोळ्यात फूल पडलेलं. मी आईच्या वतीनं पाया पडले. त्यांनी पाय जरा पुढेच केले, सवय असावी तसे. मग खाटेवर बसून आहेर पाहिला. शालीचं टोक बोटांत चोळलं. "लोकर कमी शे," ते म्हणाले. नारळ त्यांनी मोजले.

"तुन्ही मायनी चिठ्ठीमा बारा लिखेल व्हतात."

मी एस.टी.ची हकीकत सांगितली. त्यांनी ऐकली, पण चेहऱ्यावरून वाटलं की बारावा मीच खाल्ला. एवढ्यात अक्कांनी चहा आणला, तर त्यात साखर कमी म्हणून माझ्यादेखत त्यांना असे बोलले, की मी माझा कप खाली ठेवला. अक्कांनी मुकाट्यानं कप परत नेला.

मला वाईट वाटलं, आणि रागही आला. तीस वर्षं आमच्या देवघरात ज्याच्या नावाची वात जळली तो हा. तरी मनाला समजावलं. म्हातारपणी माणसं तिरसट होतात. पराक्रम केला म्हणून चहा गोडच मानून घ्यावा असं कुठं लिहिलंय?

भिंतीवर काचेत मढवलेलं प्रशस्तिपत्र होतं. नानांनी त्याच्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी समजले आणि म्हणाले, "नाना, त्या दिवसाचं सांगा ना."

मग मात्र तो माणूस बदलला. पाठ ताठ झाली, आवाज भरला. उजवा हात हवेतल्या दांड्यावर गेला, डावा बाजूला खिडकीवर. त्यांच्या तोंडून शिट्टी ऐकली, चाकांची लय ऐकली, पावसाचे फटके ऐकले. एकदा मी खरंच पदर सावरला. एवढा सुंदर सांगणारा माणूस मी आमच्याकडच्या कीर्तनातही पाहिलेला नाही.

"मी सांगस तुले बेटी, पाणीना वास येस माले. पहिला वास मातीना, दुसरा गवतना, तिसरा वास उना का समजाचं, पाणीनी जागा सोडी." इथं थांबून त्यांनी माझ्याकडे बघून घेतलं. मग गोष्टीत जरा हसू यावं म्हणून असेल, म्हणाले, "आनि भित्रा लोक कसा ऱ्हातस ते आइक. मांगना स्टेशनवर एक बाबू इंजिनपाशी उना. काळी टोपी, हातमा छत्री. हात जोडीसन म्हने, ड्रायवरसाहेब, गाडी लई जाऊ नका, मन्ही बायको-पोर गाडीमा शेतस. रडे, बेटी, रडे. मी म्हनं, तुले भ्याव वाटस त बायकास्ना डबामा जाईसन बठ."

आणि हसले. बत्तीशीतले उरलेले चार दात दाखवून हसले.

अण्णा काळी टोपी घालायचे. पण काळी टोपी कोण घालत नव्हतं तेव्हा? माझं डोकं टोपीपाशी अडलं नव्हतं. बायको-पोर यापाशी अडलं होतं. त्या स्टेशनावर गाडीत बायको-पोर ठेवून खाली उतरलेला माणूस एकच होता, हे मला आयुष्यभर ऐकवलं गेलं होतं.

मी शक्य तेवढ्या साध्या आवाजात विचारलं, "नाना, तो असं का म्हणाला? त्याला कोणी सांगितलं, गाडी नेऊ नका म्हणून?"

नाना थांबले. "पाऊस देखीसन भ्याना असीन."

"पण तुमच्याकडं का आला? मास्तरकडं जायचं ना. मास्तर काही म्हणाला होता का?"

नानांनी शाल उचलली, घडी घातली, परत उघडली. उत्तर स्वयंपाकघराच्या दारातून आलं. अक्का चहाचा दुसरा कप घेऊन तिथं उभ्या होत्या.

"सांगा ना आते," त्या म्हणाल्या. "बठ्ठा जनम खोटं सांगं. आते कोणले भ्यातस?" सगळा जन्म खोटं सांगितलंत, आता कोणाला भिताय, असं त्या विचारत होत्या.

"तू गप ऱ्हाय."

"मी गपच व्हतू." त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण त्या भराभर बोलत होत्या आणि मधेच पदरानं डोळे पुसत होत्या.

त्या दिवशी नानांना रजा मिळाली नव्हती. रविवारी कानबाई बसली, नानांच्या नावाचा रोट झाला, आणि नाना ड्युटीवर. सोमवारी देवी नदीवर जायच्या आत तो त्यांच्या पोटात जायला हवा होता. त्यांच्या भावानं निरोप दिला, की दुपारच्या पॅसेंजरच्या वेळेला मी शेताच्या बांधावर रोट घेऊन उभा राहतो, गाडी मिनिटभर थांबव. मागच्या स्टेशनावर मास्तर म्हणाला, नाल्याला पाणी चढल्याचं ऐकलंय, गँगमनची खबर येईपर्यंत अर्धा तास थांब. पण त्यानं पुढच्या लाइनचा लोखंडी गोळा आधीच देऊन टाकला होता, आणि गोळा हातात आला की ड्रायव्हर गाडी काढू शकतो. अर्ध्या तासात देवी नदीवर पोचली असती. नाना निघाले. बांधाजवळ गाडी उभी केली, इंजिनावर उभ्यानंच रोट खाल्ला, आणि तोंडातला घास संपला नव्हता तोच लाल झेंडी आली.

"रोटसाठे गयात ह्या," अक्का म्हणाल्या, "आनि रोटसाठेच थांबनात."

चौकशीत नाना म्हणाले, वास आला. मास्तरनं गोळा दिलेला, म्हणून तोही म्हणाला, मी काही बोललोच नव्हतो. दोघांच्या नोकऱ्या राहिल्या. एकाला प्रशस्तिपत्र मिळालं.

नाना खाटेवर बसून होते. मघाचा ताठ माणूस कुठं गेला कळेना. त्यांनी विचारलं, "तुले काय करनं शे हाई जाणीसन?"

"तो बाबू माझे वडील होते."

रुळावरून एक मालगाडी गेली.

"जित्ता शे?" नानांनी विचारलं.

"नाही. सहा वर्षं झाली."

मला वाटलं आता हा माणूस काहीतरी म्हणेल. चुकलं म्हणेल. निदान मान खाली घालेल. नाना म्हणाले, "गाडी काढी तवय मी वळीसन देखं. तो डबापाशी धावत उना. दांडीले हात लाया व्हता त्यानी. मंग सोडी दिधा. गाडी हळू व्हती. चढता येत व्हतं त्याले."

मी उठले. असा संताप मला क्वचित येतो. स्वतःचं पाप बाहेर पडलं, तर मेलेल्या माणसावर चिखल उडवायचा. नमस्कार न करता मी बाहेर पडले.

अक्का एस.टी.च्या थांब्यापर्यंत आल्या. वाटेत त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. "ह्या वाईट नही शेतस माय," त्या म्हणाल्या. "भलं झायं ते बी ह्यासनाच हातथून झायं." खरं होतं ते. त्या माणसानं रोटासाठी बांधापाशी गाडी उभी केली नसती, तर तो सरळ पुलावर गेला असता आणि आज हे लिहायला मी नसते. अण्णांचं ऐकलं असतं तरीही मी वाचले असते, आणि शिवाय अण्णाही.

परतीच्या वाटेवर

मुंबईपर्यंत खिडकीशी बसून मी अण्णांना नव्यानं पाहत होते. वर्तमानपत्रामागचा तो माणूस परक्या मुलखात, भर पावसात, एका मिशाळ ड्रायव्हरपुढे हात जोडून उभा राहिला होता. आमच्यासाठी रडला होता. एवढा अपमान गिळला आणि घरात कधी शब्द काढला नाही. पनवेल यायच्या आत मी अण्णांचा पुतळा उभा केला होता म्हणा ना. आईला काय काय ऐकवायचं ते ठरवून झालं होतं. तीस वर्षं तू ज्याची वात लावलीस तो कोण होता, आणि ज्याला टाकून बोललीस तो कोण, हे तिला एकदा कळायलाच हवं होतं. मनात दयामाया काही नव्हती, हे कबूल करते.

चिपळूण

आई पडवीत सुपारी कातरत बसली होती. मी सगळं सांगितलं. चहा, नारळ, रोट, मास्तर, गोळा. अण्णा इंजिनापाशी गेले होते ते तर दोनदा सांगितलं. नाना शेवटी जे चिखल उडवणारं बोलले ते मात्र गाळलं. ते सांगण्याजोगं नव्हतंच.

आईचा अडकित्ता मधेच कधीतरी थांबला होता.

"म्हणजे अण्णा खरं सांगत होते," मी म्हटलं. "मास्तर म्हणाला होता. कळलं का तुला?"

"मला तेव्हाच कळलं होतं," आई म्हणाली. "ह्यांना खोटं बोलता कुठं यायचं?"

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. आई सुपारीकडे बघत बोलत होती.

"पुढे पाणी आहे हे गाडीतल्या एकाच माणसाला ठाऊक होतं. तो माणूस धावत डब्यापाशी आला. मी खिडकीत होते, तू मांडीवर. मला वाटलं हे चढतायत. दांडी धरली होती गं ह्यांनी. माझ्याकडे बघितलं, आणि हात काढून घेतला."

पडवीसमोरून कोणीतरी हाक मारून गेलं. आईनं ओ दिली नाही.

"पाऊस बघून उगाच भ्याले असते, तर हसून संसार झाला असता. म्हणून मी तसंच ठरवलं. मास्तर काही म्हणाला नव्हता, हे उगाच भ्याले. तो ड्रायव्हर शहाणा आणि हे वेडे. वेड्या माणसाला वाढता येतं, त्याच्या शेजारी झोपता येतं. ठाऊक असून खाली राहिलेल्या माणसाबरोबर मी पुढची एवढी वर्षं कशी काढली असती?"

मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिचा हात धरायचं मनात होतं, पण धरला नाही.

"त्यांना माहीत होतं, तुला माहीत आहे ते?" मी विचारलं.

"म्हणून तर वर्तमानपत्र धरायचे," आई म्हणाली. "मी भित्रा म्हणायचे आणि ते ऐकून घ्यायचे. त्यात दोघांचं भागत होतं." मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "आता तू खरं घेऊन आलीस एवढ्या लांबून. आता मी ह्या वयात त्याचं काय करू, सांग."